गिटारचे फ्रेट आणि कॉर्ड

गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सतारीचे पडदेच, फक्त हे सरकवता येत नाहीत. एक फ्रेट पुढे गेलं की स्वर अर्ध्या सुराने चढतो. मोकळी तार ‘सा’ धरली तर पहिल्या फ्रेटवर कोमल रे, दुसऱ्यावर शुद्ध रे, सातव्यावर पंचम. १२व्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते आणि वरचा सा लागतो. हे एकदा कानाने पडताळून पाहाच. बोट पट्टीवर नव्हे, तिच्या लगत मागे दाबायचं, नाहीतर तार खरखरते.

तीन किंवा अधिक वेगवेगळे स्वर एकत्र वाजले की कॉर्ड. मेजर कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प. मायनरमध्ये गंधार कोमल. एवढ्या एका स्वराने सगळा भाव पालटतो. कॅपो हा चिमटा सगळ्या तारा एकदम दाबतो, म्हणून बोटं तीच ठेवून गाण्याची पट्टी चढवता येते.