रस्ता म्हणजे कोर्ट नव्हे

सिग्नल ओलांडून जरा पुढे, झाडाच्या आडोशाला मामा उभे असतात. ‘घ्या बाजूला!’ दुचाकी थांबते न थांबते तोच हँडलकडे हात जातो आणि चावी मामांच्या खिशात. चालकही काही कमी नसतो. कुणाला तरी फोन लावून तो पुढे धरतो, ‘साहेबांशी बोला जरा.’ पहिल्याच मिनिटाला दोघांनीही पायरी सोडलेली असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये याविषयी बरंच स्पष्ट लिहिलेलं आहे. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं (कलम १३०). डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची कागदपत्रं चालतात; गॅलरीतला फोटो पुढे करून भागत नाही. लायसन्स ताब्यात घेतलं, तर पोलिसाने त्याची पोच द्यायची असते (कलम २०६). गाडी अडकवून ठेवता येते, पण विनालायसन्स, विनानोंदणी किंवा विनापरमिट चालवण्यासारख्या ठरावीक कारणांसाठीच (कलम २०७). चावी काढून घेण्याचा अधिकार मात्र या कायद्यात कुठेही दिलेला नाही.

चालकाच्या बाजूचे गैरसमजही तितकेच पक्के. श्वासचाचणीला नकार दिला की सुटलो, हा त्यातला एक. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहेच. पण प्यायल्याचा सबळ संशय असताना चाचणी नाकारली, तरी विनावॉरंट अटक होऊ शकते. ड्युटीवरच्या पोलिसावर हात टाकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. हुज्जत कुठवर जाते, हे मुंबईने २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. खारमध्ये हवालदार विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन मुलाला अडवून कागदपत्रं मागितली. मुलाने मोठ्या भावाला बोलावलं, त्याने शिंदे यांच्या डोक्यात बांबू घातला. उपचार सुरू असताना शिंदे गेले.

एवढं तापण्याचं मूळ बहुतेकदा एकच असतं: निकाल इथेच, आत्ताच लागला पाहिजे, हा हट्ट. पण चलन म्हणजे निकाल नव्हे. कलम २०० प्रमाणे ती तडजोडीची रक्कम असते. भरली की प्रकरण मिटलं. गुन्हा मान्य नसेल, तर न्यायालयात म्हणणं मांडता येतं. ई-चलनासोबतचा फोटो ऑनलाइन पाहता येतो. सिग्नल खरंच तोडला होता का, यावर मामांशी घसा कोरडा करून हाती काही लागत नाही.

उरतो तिसरा मार्ग, तोडपाण्याचा. ‘पावती फाडू, की बघताय काही?’ या प्रश्नावर नोट सरकवणाऱ्याला आपण सुज्ञ समजतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

तेव्हा गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, कागद दाखवा. काही खटकलं, तर आवाज न चढवता नाव आणि बक्कल नंबर टिपून घ्या, पोच मागा. पोलिसानेही कलम सांगावं, चलन करावं आणि वाट मोकळी करावी. कागदावर आलेल्या गोष्टीवर पुढे दाद मागता येते. चौकात परस्पर मिटवलेल्या गोष्टीवर कुणालाच नाही.