चेहऱ्यासाठी करडईचं तेल: आपल्याच रानातलं

देवगाव फाट्याच्या मंडळींनो, चेहऱ्यासाठी महागडं परदेशी तेल मागवण्याआधी करडईकडे बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) 'परभणी कुसुम'सारखे करडईचे वाण दिले. काटेरी पीक, काढताना हात सोलतात, पण तेल एकदम हलकं.

या तेलात साधारण 70 टक्क्यांहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवतो, तो थर बांधायला हेच आम्ल लागतं. शिवाय करडई चेहऱ्यावर जड वाटत नाही. खोबरेल केसांना उत्तम, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर त्याने छिद्रं बुजू शकतात. माझं मत विचाराल तर ते चेहऱ्याला नकोच.

तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. त्यामुळे रात्री तोंड धुवून, नुसतं टिपून, चेहरा ओलसर असतानाच दोन-तीन थेंब तळहातावर चोळून हलके दाबून लावा. रगडू नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. खाज किंवा लाली आली तर सोडून द्या. आणि तेल लावलं म्हणजे उन्हापासून बचाव झाला असं नाही, रुमाल आणि सनस्क्रीन हवंच.

घाण्याचं ताजं तेल थोडंच आणा, गडद बाटलीत सावलीला ठेवा. हे तेल लवकर खवट होतं. वास बदलला की चेहऱ्याला अजिबात लावू नका.