काट्यापासून गठाणीपर्यंत एकच वही

दसरा उलटला की आपल्या अकोला-अमरावतीकडच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. जिनिंगच्या फाटकापुढे रांग लागते. भरली गाडी काट्यावर चढते, कापूस रिकामा होतो, मग रिकाम्या गाडीचे वजन होते आणि शेतकऱ्याच्या हाती काटापट्टी पडते. एवढे आपण डोळ्यांनी पाहतो. पण त्या पट्टीवरचा आकडा पुढे कुठे कुठे जातो, याचा विचार आपण कधी केला आहे का?

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. एका जिनिंगवर त्याचा कापूस भरला १८ क्विंटल ४० किलो. कचेरीतून हिशेब आला तो १४ क्विंटल ८० किलोचा! "काटा बराबर व्हता सर, कागदच चुकला," तो मला म्हणाला. आणि झाले होते तसेच. काट्याजवळ एक संगणक, कचेरीत दुसरा. पहिल्यातला आकडा पाहून कारकून दुसऱ्यात तो पुन्हा टाइप करी. गर्दीच्या दिवशी आठ आणि चार यांची अदलाबदल झाली. सात हजारांच्या भावाने हा फरक पंचवीस हजार दोनशे रुपयांचा. काटापट्टी खिशात जपून ठेवलेली होती, म्हणून पैसे मिळाले. ती हरवली असती तर?

आता बघा, संगणक दोन होते, तरी चूक झाली. कारण वह्या वेगळ्याच राहिल्या होत्या. काट्याची वही, खरेदीची वही, गोदामाची वही, रोखपालाची वही. जुन्या काळी या साऱ्यांचा मेळ मुनीम रात्री कंदिलाखाली घालीत असे. हा मेळ आपोआप राहावा म्हणून जे सॉफ्टवेअर निघाले, त्याला ईआरपी असे म्हणतात. नाव अवघड, पण तत्त्व सोपे आहे: आकडा एकदाच लिहायचा, आणि ज्याला ज्याला तो लागतो त्याने तिथूनच घ्यायचा. काट्यावरचे वजन थेट शेतकऱ्याच्या हिशेबात जाते, गोदामाच्या साठ्यात जाते, कराच्या विवरणातही जाते.

मग असे सॉफ्टवेअर निवडावे कसे? विक्रेता येतो, पडद्यावर रंगीत चित्रे दाखवतो आणि आपण भुलतो. त्याआधी एक काम करावे. आपल्या कारखान्यात माल फाटकातून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत काय काय घडते, ते कागदावर क्रमाने उतरावे. जिनिंगचेच घ्या. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी, आणि थोडी घट. रुईची १७० किलोची गठाण बांधतात. म्हणजे एक माल आत गेला आणि दोन माल बाहेर आले. किराणा दुकानासाठी केलेल्या सॉफ्टवेअरला हे उमगेलच असे नाही. म्हणून विक्रेत्याला म्हणावे, "तुमचा नमुना राहू द्या. या आमच्या गेल्या हंगामाच्या शंभर पट्ट्या. या भरून दाखवा." खरे-खोटे तिथेच कळते.

आणखी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, विकत घेण्यापलीकडे दरसालचा खर्च किती आणि माणसांना शिकवणार कोण? दुसरा, उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे झाले तर आमची सारी माहिती आम्हाला परत मिळेल का? तिसरा, लिहिलेला आकडा कोणी बदलला तर त्याचे नाव आणि वेळ नोंदली जाते का? कंपनी कायद्याखालील कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला अशी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. लहान गिरणीनेही ती मागावी. मात्र एकच परवलीचा शब्द चौघे जण वापरू लागले, तर ती नोंद कुचकामी ठरते, बरं का!

निवड चांगली झाली तरी वेळ चुकू शकते. अमेरिकेत हर्शी नावाची मोठी चॉकलेट कंपनी आहे. तिने चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकून जुलै १९९९ मध्ये नवी पद्धत सुरू केली. ऑक्टोबरअखेर तिकडे हॅलोविनचा सण, चॉकलेटचा खरा हंगाम. गोदामात माल होता, पण तो वेळेवर दुकानांत पोचेना. सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या अडल्या. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर जिनिंगची पद्धत बदलणे हे तसेच. बदल उन्हाळ्यात करावा आणि काही आठवडे जुनी वही व नवा संगणक दोन्ही चालू ठेवून रोज संध्याकाळी मेळ पाहावा.

हा विषय गिरणीमालकांपुरताच आहे असे समजू नका. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या गावच्या सेवा सोसायट्या, एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिथे निवड आपल्या हाती नाही, पण तपासणी आहे. जुन्या खतावणीतली बाकी संगणकात चढवताना चुकली, तर ती चूक पुढच्या प्रत्येक कागदावर दिसत राहील. एकच वही असण्याचा जसा फायदा, तसा हा धोकाही. म्हणून आपल्या कर्जखात्याचा उतारा मागून घ्यावा, जवळच्या पावत्यांशी ताडून पाहावा आणि फरक दिसला तर लेखी कळवावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात तुमचेही काम आहे. एखादी काटापट्टी वर्गात न्या. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजाबाकी, भावाचा गुणाकार, एवढे मुलांकडून करून घ्या. त्या शेतकऱ्याने हीच वजाबाकी काट्याजवळ उभ्या उभ्या केली होती. म्हणूनच कचेरीतला कागद हाती येताच त्याला चूक दिसली.