वॉशिंग मशीनची वीज फिरण्यात कमी, तापण्यात अधिक

सुरतच्या पांडेसरा, सचिन, पलसाणा या पट्ट्यांतील प्रोसेस हाउसमध्ये पॉलिएस्टरचे कापड धुतले जाते, रंगवले जाते आणि पुन्हा धुतले जाते. गोव्यातील दुकानांत दिसणाऱ्या छापील साड्यांपैकी अनेकींचा जन्म तिथलाच. अशा कारखान्यात जुने व नवे यंत्र तोलून पाहताना मोटारीच्या अश्वशक्तीपेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो: एक किलो कापडामागे किती लिटर पाणी लागते? घरातील जुनी वॉशिंग मशीन बदलावी की ठेवावी, या विचारात पडलेल्यांनीही हाच प्रश्न आधी विचारावा.

पॉलिएस्टरच्या धाग्यात रंग शिरण्यासाठी दाबाखालील पाणी सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. किलोमागे दहा लिटर पाणी घेणाऱ्या यंत्रात शंभर किलो कापड घातले, तर हजार लिटर पाणी शंभर अंशांनी तापवण्यास सुमारे ११६ युनिटांइतकी उष्णता लागते. सहा लिटरवर भागवणाऱ्या नव्या जेट यंत्रात तेच काम ७० युनिटांत होते. ही उष्णता बॉयलरमधून, म्हणजे बहुधा कोळशातून येते. रंगाईनंतर सुटा रंग काढण्यासाठी पुन्हा गरम पाण्याची धुलाई असते, ती वेगळीच. पाणी वाचले की इंधन आपोआप वाचते. सुरतेत पाणीही सहज मिळणारी गोष्ट राहिलेली नाही. २०१४ पासून महापालिका बमरोली येथे सांडपाणी शुद्ध करून दररोज चार कोटी लिटरपर्यंत पाणी पांडेसरा वसाहतीला देण्याची व्यवस्था चालवते.

घरातील हिशेब लहान असला, तरी नियम तोच. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. याउलट, जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची ३६० वॅटची मोटार वीस मिनिटे चालली, तर खर्च होते अवघे ०.१२ युनिट. आठवड्यातून चार वेळा थंड पाण्याने धुतले, तरी वर्षाकाठी २५ युनिटे. नव्या मशीनने ही वीज अगदी शून्यावर आणली, असे क्षणभर मानले तरी वर्षाला २५ युनिटांपेक्षा अधिक बचत शक्यच नाही. केवळ वीजबिलासाठी अशी मशीन भंगारात काढण्यात अर्थ नाही. दुकानदार काहीही सांगो.

चित्र पालटते ते गरम पाण्याने. त्याच जुन्या मशीनमध्ये गिझरचे ४० लिटर पाणी, वीस अंशांनी तापवून, ओतले तर प्रत्येक धुलाईस ०.९३ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १९० युनिटे, नुसत्या पाण्यावर जातात. समोरून दार असलेल्या नव्या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडत नाहीत, ओल्या ड्रममध्ये उलटेपालटे होतात; त्यामुळे तापवायचे पाणी बरेच कमी. पंधरा लिटर पाणी २७ वरून ४० अंशांवर नेण्यास ०.२३ युनिट पुरते. मात्र त्याच मशीनवर सवयीने ६० अंशांचा कार्यक्रम लावला, तर पाणी तापवण्यातच ०.५८ युनिट जाते. थंड पाण्यावर चालणाऱ्या जुन्या मशीनच्या जवळपास पाचपट! नव्या इन्व्हर्टर मोटारीची सारी बचत या एका बटणापुढे फिकी पडते.

गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी: पिळणे. कपड्यातील एक लिटर पाणी उष्णतेने उडवण्यास साधारण ०.६५ युनिट लागते. तेच पाणी वेगाने फिरवून बाहेर फेकण्यास त्याचा अल्पसा अंश पुरतो. म्हणूनच कारखान्यांतही कापड गरम हवेच्या स्टेंटरवर चढवण्याआधी शक्य तितके निथळून घेतात. या बाबतीत सेमी-ऑटोमॅटिकचा लहान सुकवणी-टब कमी लेखू नये; तो मिनिटाला तेराशे फेऱ्यांच्या आसपास फिरतो. वरून कपडे टाकण्याच्या जुन्या पूर्ण स्वयंचलित मशीन मात्र बहुधा सातशेच्या घरातच थांबतात. ड्रायर वापरणाऱ्या किंवा दमट कपडे इस्त्रीने वाळवणाऱ्या घराला हा फरक बिलात दिसतो. उन्हात वाळत घालणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

या जुन्या स्वयंचलित मशीनच बदलण्याच्या यादीत आधी याव्यात, कारण त्या एका धुलाईला शंभराहून अधिक लिटर पाणी सहज घेतात. टँकर मागवणाऱ्या किंवा पाणी पंपाने गच्चीवर चढवणाऱ्या घराला त्या दुहेरी महागात पडतात. खरेदीच्या वेळी ताऱ्यांची संख्या पाहून थांबू नये. ऊर्जा दक्षता ब्युरोने मार्च २०१९ मध्ये वॉशिंग मशीनसाठी जी तारांकन योजना आणली, तिच्यात विजेबरोबर पाण्याचाही हिशेब धरला गेला. हे आकडे किलोमागे असतात. आठ किलोच्या मशीनमध्ये तीन किलो कपडे घालणाऱ्या घराच्या वाट्याला लेबलवरचा आकडा येत नाही. तिथे लहान ड्रमची मशीन अधिक काटकसरी ठरू शकते.