जिन्यातला दिवा कोण मालवणार?

१९८०च्या दशकात पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये जिन्यातले दिवे लावणं-मालवणं वॉचमनकडे असे. त्याचा पहाटे डोळा लागला, की ते उन्हं वर येईपर्यंत जळत. सात मजले, दर मजल्याला ६० वॉटचा बल्ब, बारा तास: रात्रीला पाच युनिटं. कॉमन मीटरचं बिल कुणाच्या एकट्याच्या खिशातून जात नसे, त्यामुळे ओरड व्हायची ती फक्त वार्षिक सभेत.

आयटीआयमध्ये वायरमनला जिन्याचं वायरिंग हमखास शिकवतात. खाली एक, वर एक टू-वे स्विच. बंगल्यात हे झकास चालतं. सात मजल्यांच्या जिन्यात पाहुणा कशाला बटण शोधेल? पुढे ट्यूब आल्या, मग सीएफएल. पण सीएफएलला सारखी उघडझाप सोसत नाही, आयुष्य घटतं. एलईडीला ती अडचण नाही. २०१५मध्ये उजाला योजना आली, नऊ वॉटचे दिवे स्वस्त झाले आणि मुंबईच्या लोहार चाळीत, पुण्याच्या तपकीर गल्लीत माणसाची चाहूल लागताच दिवा लावणारे मोशन सेन्सरही सहज मिळू लागले.

जुन्या इमारतींत खरी कसरत न्यूट्रलची. तीन तारांच्या सेन्सरला फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी तार लागते. जुन्या स्विचबोर्डात मात्र बहुधा फेज आणि परतीची तार एवढंच. न्यूट्रल थेट होल्डरपाशी. म्हणून सेन्सर छतावर, दिव्याजवळ बसवायचा आणि खालची बटणं काढून फेज कायमची जोडायची. बटणं तशीच ठेवली, तर कुणीतरी सवयीने दाबणार आणि सेन्सरचाच वीजपुरवठा तुटणार. दोन तारांचे सेन्सर लावून ही खटपट टाळता येते. पण त्यांची स्वतःची वीज दिव्यातूनच जाते, त्यामुळे बंद एलईडी कधीकधी मंद लुकलुकत राहतो.

जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर दिसतो. मे महिन्यात नागपुरात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा त्याची नजर अधू होते.

मला विचाराल, तर जिन्यात सेन्सर उशिरा पोहोचला. एलईडीमुळे पाच युनिटं पाऊण युनिटावर आली होती. त्यातून आणखी किती वाचणार? त्याची खरी जागा तळघरातलं पार्किंग. तिथे २० वॉटच्या वीस ट्यूब दिवसरात्र जळल्या, तर रोजची साडेनऊ युनिटं होतात, आणि बराच वेळ तिथे चिटपाखरू नसतं. मात्र पार्किंगमध्ये मिट्ट अंधार कुणालाच नको असतो. त्यावर तोडगा म्हणून आता सेन्सर आतच असलेल्या ट्यूब मिळतात. माणूस नसताना त्या विझत नाहीत, नुसत्या मंद होतात.