पानांचे राखणदार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी शिकलो. शाळेमागच्या आंब्यावर हुमल्यांची, म्हणजे पाने जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटी होती. चावतात म्हणून आम्ही मुलांनी एकदा पलिते लावून ती जाळली. गुरुजी रागावले नाहीत. "आता झाडाकडे लक्ष ठेवा," एवढेच म्हणाले. पुढच्या पालवीची अळ्यांनी चाळण केली. त्या चाळणीचा अर्थ सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. ते गेले की झाड उपाशी राहते. सागाचेच पाहा. पावसाच्या आरंभी अळ्या कोवळी पाने फस्त करतात. झाड सहसा मरत नाही, पुन्हा पालवते. परंतु केरळातील निलंबूर येथे तरुण सागवनांचा अभ्यास झाला, तेव्हा या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटते असे आढळले.

एकेक मादी पतंग शेकडो अंडी घालते. असे असता आपले लोंढ्याचे रान हिरवे राहते तरी कसे? १९६० साली हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबॉडकिन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न साऱ्या पृथ्वीविषयी विचारला. पाने खाणाऱ्यांना खाणारे आहेत, म्हणून जग हिरवे आहे, असे त्यांचे उत्तर होते. त्यावर पुष्कळ वाद झाला. पानेही कडू, चिवट वा विषारी होऊन स्वतःला राखतात, हा आक्षेप रास्तच होता. तेव्हा निर्णय प्रयोगावर आला.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मार्क्विस आणि व्हेलन यांनी अमेरिकेतील मिसुरी राज्यात ओकच्या रोपांवर जाळी घातली. किडे आत जात, पक्षी जाऊ शकत नसत. जाळीतील रोपांवर किडे सुमारे दुप्पट झाले, पानांची हानीही तितकीच वाढली आणि रोपांची वाढ मंदावली. पुढे पनामाच्या जंगलात काही रोपे केवळ दिवसा, तर काही केवळ रात्री झाकण्यात आली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रात्री झाकलेल्या रोपांची पाने अधिक कुरतडली गेली होती. तेथे वटवाघळांचा पहारा पक्ष्यांहूनही कडक ठरला.

आपल्या रानातही असाच पहारा चालतो. दिवसा कोतवाल उडते किडे टिपतो, गांधीलमाशी अळी उचलून नेते, कोळी जाळे लावून बसतो. रात्री वटवाघळे निघतात. आपल्याच खानापूर तालुक्यात, कृष्णापूर-तळेवाडी भागातील बारापेडे गुहांत, १९१२ साली प्रेटर यांना एक कीटकभक्षी वटवाघूळ मिळाले. १९१३ मध्ये थॉमस यांनी त्याला रॉटन यांचे नाव दिले. पुढे कित्येक दशके ते जगात अन्यत्र ठाऊक नव्हते. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसराचे हे भूषण होय.

आणि हुमले? चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या ग्रंथात, संत्रावर्गीय झाडांच्या रक्षणासाठी त्यांची घरटी बाजारात विकली जात, अशी नोंद आहे. ज्यांना तेथे लोक दाम मोजून आणत, त्यांना आम्ही फुकट जाळले!

हे राखणदार निर्दोष नाहीत. हुमले गोड रसाच्या लोभाने काही रसशोषक किड्यांना सांभाळतातही. पतंगांची लाट एकाएकी आली, तर पहारा अपुरा पडतो. तथापि पहारा अपुरा पडतो म्हणून पहारेकऱ्याला हाकलणे शहाणपणाचे नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, गुहेत धूर करताना, कोळ्याचे जाळे झाडताना, मुंग्यांच्या घरट्याला पलिता लावताना क्षणभर थांबा आणि वर झाडाकडे पाहा. गुरुजींनी आम्हाला शिक्षा केली नाही, पाहायला लावले. त्यांच्या स्मृतीला माझी हीच आदरांजली.