राजदूत ३५०: मिसिंगचा माग

दोन सिलेंडरच्या गाडीत एक सिलेंडर अर्धवट मारू लागला तरी गाडी बंद पडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. चालवणारा नकळत रेस जास्त देत जातो, चांगला सिलेंडर दोघांचा भार ओढतो आणि दुखणं आत वाढत राहतं. कारण पेट्रोल कमी आणि हवा जास्त हे असेल, तर पिस्टन तापून जाम होईपर्यंत मजल जाते.

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०वरून बांधलेली राजदूत ३५० ही १९८३ साली आलेली गाडी. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि त्यात सगळं जोडीनं: दोन कार्बोरेटर, दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन सायलेन्सर. बिघाड शोधायला याहून मोठी सोय नाही. चांगली चालणारी बाजू हेच मोजमाप. इकडची वस्तू तिकडे लावायची आणि दोष तिच्याबरोबर जातो का ते बघायचं.

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत, घराखालच्या खोलीत चालणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम मी बघत होतो. गाडी थंड असताना ठीक, तापली की मिसिंग. मालकाने येताक्षणी कार्बोरेटर साफ करायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "कार्बोरेटर मंग पाहू भाऊ. आधी कोणता सिलेंडर रुसला ते तं पाहू द्या."

गाडी सुरू करून त्याने सायलेन्सरच्या दोन्ही पाइपांवर सिलेंडरच्या तोंडाजवळ पाण्याचे थेंब सोडले. डावीकडचा चर्रकन उडाला. उजवीकडचा क्षणभर थांबला, कडेनं बुडबुडे आले आणि मग वाळला. खात्रीसाठी एकेका प्लगची टोपी काढली. काढलेल्या टोपीत जुना प्लग खोचून तो इंजिनाला टेकवून ठेवला, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. डावी काढली तर इंजिन बसलं. उजवी काढली तर आवाजात जेमतेम फरक.

प्लग बाहेर आले. डावा बिस्किटी रंगाचा, उजवा काळा आणि ओला. ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. चोक किंवा फ्लोट अडकून पेट्रोल जास्त होत असेल तरी प्लग असाच दिसतो, म्हणून निकाल लगेच द्यायचा नसतो. प्लगांची अदलाबदल केली, दोष उजवीकडेच. मग कॉइलची. इथे नवखे चुकतात: पॉइंटकडून येणाऱ्या तारा बदलल्या, तर प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीही बदलाव्या लागतात, नाहीतर ठिणगी भलत्याच सिलेंडरला भलत्या वेळी पडते. दोष तरीही उजवीकडेच.

मग डाव्या बाजूचं कव्हर उघडलं, कारण पॉइंट तिथे असतात, आणि शटर अर्धं खाली ओढून अंधार केला. चालू इंजिनात एका पॉइंटवर क्वचित बारीक चमक दिसत होती, दुसऱ्यावर निळसर ठिणग्या सारख्या नाचत होत्या. तो उजव्या सिलेंडरचा पॉइंट. बंद करून पाहिलं तर त्याच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला पोटात घेतो, म्हणून कॉइलमधला करंट एकदम तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर निकामी झाला की ठिणगी पॉइंटवरच खर्च होते. तापल्यावर कंडेन्सरने दगा देणं हे जुनंच दुखणं, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास असताना ते लवकर उघडं पडतं.

नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट लागले. गॅप फीलरने ०.३५ मिलिमीटर. गॅप बदलली की टायमिंग हलतं, म्हणून प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पिस्टन वर पोचायच्या सुमारे दोन मिलिमीटर आधी पॉइंट उघडतो का ते तपासलं. उघडण्याचा नेमका क्षण पॉइंटला जोडलेला छोटा बल्ब पेटून सांगतो. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लावावं लागतं. या कामाला वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

मालकाचा कार्बोरेटरवरचा संशय अगदीच निराधार नव्हता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीचा पायलट जेट बुजतो. पण पहिल्याच झटक्यात कार्बोरेटर उघडला असता तर चांगल्या बाजूचीही सेटिंग हलली असती आणि तुलना करायला काहीच उरलं नसतं. करंटची खात्री झाल्यावरच मिस्त्रीने दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड एकदम उचलल्या जातात का ते पाहिलं आणि ऑइल पंपाच्या नळ्यांत बुडबुडा नाही हे तपासलं.

गाडी गांधी गेटपर्यंत सावकाश फिरवून आणल्यावर प्लग पुन्हा काढले. उजवा कोरडा होता, पण डाव्यापेक्षा किंचित गडद. त्या बाजूचा हवेचा स्क्रू त्याने पाव फेरी सैल केला.